साथ ओसरल्यावरचा जिना

माझी मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात सव्वीस वर्षं कपडे धूत होती. हाताने नव्हे. तिथे आत माणूस उभा राहील एवढाली यंत्रं होती, आणि त्या धुलाईखात्याची ती मुकादम होती. रोज दीड-दोन हजार चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, पडदे, सगळं मळून तिच्याकडे उतरायचं आणि धुऊन, वाळवून, कडक इस्त्री होऊन पुन्हा वर जायचं. वरचे लोक, मोठ्या डॉक्टरांपासून शिपायांपर्यंत, तिला चादरबाई म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. ती म्हणायची, डॉक्टर रजेवर गेला तर पेशंट एक दिवस वाट बघतो, चादर रजेवर गेली की लगेच बोंब होते.

सोडा आणि ब्लीचने तिच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की हजेरीचं यंत्र तिचा अंगठा ओळखायचंच नाही. रोज सकाळी ते लाल दिवा दाखवायचं आणि ती मागच्या रांगेची माफी मागत पुन्हा पुन्हा अंगठा पुसायची. शेवटी ऑफिसने हात टेकले आणि तिच्या एकटीसाठी सहीची वही ठेवली.

तिचा नवरा, म्हणजे माझे काका, अग्निशमन दलात होते. आमच्या इमारतीतली मुलं त्यांना बंबकाका म्हणत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून इंजिनाच्या घरघरीवर मात करायला निघाल्यासारखा निघायचा. कुणाच्या घरी गेले की आधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघायचे, मग खुर्चीवर बसायचे. कुणाचा नळ गळला, कुणाचं दार आतून अडकलं, कुणाची मांजर पाण्याच्या टाकीवर चढून बसली, की लोक पहिल्यांदा चौथ्या मजल्याकडे तोंड करून हाक मारत. लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीचे चार जिने ते दिवसातून पाच-सहा वेळा सहज चढत-उतरत. त्यांना मूलबाळ नव्हतं. आई गेल्यापासून मी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते, आणि त्या दोघांचं जे काही म्हणून लेकरू असेल ते मीच.

साथ आली आणि सगळं बंद झालं, तेव्हा पहिला महिनाभर काकांच्या अंगात वारं शिरलं होतं. फाटकाजवळ हात धुवायला पिंप ठेवलं, पायऱ्यांवर खडूने चौकोन आखले, दूध-भाजीसाठी कोणी किती वाजता खाली उतरायचं याचं वेळापत्रक लावलं. गळ्यात जुनी शिट्टी. कोणी चौकोनाबाहेर पाय टाकला की शिट्टी वाजलीच. घाबरायचं नाही, शिस्त पाळायची, असं ते सगळ्यांना सांगत फिरायचे. मावशी मला म्हणाली, बरं झालं बाई, रिटायर माणसाला परत नोकरी लागली.

तिची नोकरी मात्र बदलून गेली होती. तिच्या हाताखाली अकरा माणसं होती. त्यातली पाच यायची बंद झाली, दोन आजारी पडली. उरलेल्या चौघांना घेऊन ती तिप्पट कपडे धूत होती. साथीच्या वॉर्डांतून पिवळ्या पिशव्यांत बांधून आलेल्या चादरी प्लॅस्टिकचा अंगभर सूट घालून उघडायच्या. तळघरात आधीच वाफ, त्यात तो सूट. दोन तासांनी काढला की बुटांत पाणी साचलेलं असायचं. चादरींतून नेहमीच काही ना काही निघतं. चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं, एखादी चप्पल. पूर्वी संध्याकाळपर्यंत कोणीतरी नातेवाईक धावत यायचा आणि वस्तू घेऊन जायचा. आता कोणी येईना. ती प्रत्येक वस्तूला वॉर्डाचा नंबर आणि तारीख लावून बुटांच्या खोक्यात ठेवायची. एक खोकं भरलं, मग दुसरं आणलं.

मी तिला एकदा विचारलं होतं, भीती नाही का वाटत म्हणून. ती म्हणाली की पहिला महिना वाटली. पिशवीची गाठ सोडताना ती श्वास रोखून धरायची. पुढे पाय इतके दुखायला लागले की भीतीकडे लक्ष द्यायला सवडच राहिली नाही.

काकांचं उलटं झालं, आणि ते एका सकाळी झालं.

त्यांच्या खाली, तिसऱ्या मजल्यावर एक शिंपी राहायचा. एकटाच. त्याची आणि काकांची पत्त्यांची जोडी होती, वीस वर्षांची. त्या सकाळी शिंप्याने आतून भिंत ठोकली. काका गेले तर तो पलंगाच्या कडेला बसून श्वास शोधत होता. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण तिच्याबरोबर एकटा ड्रायव्हरच. काकांनी तोंडाला रुमाल बांधला, शिंप्याला लाकडी खुर्चीत बसवलं आणि दोघांनी मिळून ती खुर्ची तीन मजले खाली आणली. मी माझ्या दारात उभी होते. खुर्ची वळणावर अडली तेव्हा शिंप्याचं डोकं काकांच्या खांद्यावर पडलं होतं आणि त्याच्या छातीतून येणारा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. वाळू चाळल्यासारखा. चौथ्या दिवशी तो गेल्याचा फोन आला.

काका नियमाप्रमाणे चौदा दिवस आतल्या खोलीत बसले. तपासणीत काहीही निघालं नाही. पंधराव्या दिवशी बाहेर आले ते निम्मे होऊन आले.

त्यांनी धसका कशाचा घेतला हे मला मावशीनेच पुढे कधीतरी सांगितलं. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका गोदामाला आग लागली होती. काकांनी आपल्या जोडीच्या जवानाला पाठीवर घेऊन धुरातून बाहेर काढलं. बाहेर आणेपर्यंत तो गेलेला होता. त्या वीस-पंचवीस पावलांत काकांच्या कानाशी जो श्वास चालू होता, तोच त्यांना जिन्यात पुन्हा ऐकू आला होता. मावशी म्हणाली, मधली तीस वर्षं त्यांनी तो आवाज कुठे ठेवला होता कुणास ठाऊक.

त्यानंतर शिट्टी खुंटीला लागली आणि घरात नियम सुरू झाले. मावशीने कामावरून आल्यावर दाराबाहेरच चपला काढायच्या, मधल्या कशालाही हात न लावता सरळ न्हाणीघरात जायचं. कपडे बादलीत, बादलीवर झाकण. तिचा टॉवेल ते काठीच्या टोकाला अडकवून आत द्यायचे. भाजी साबणाच्या पाण्यात, नाणी साबणाच्या पाण्यात, एकदा तर वर्तमानपत्रसुद्धा. दिवसातून दहा वेळा बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. खिडक्या बंद. टीव्हीवर आकडे दाखवत असत, ते आवाज बंद करून बघत बसायचे. मावशीचं अंथरुण आतल्या खोलीत गेलं, त्यांचं बाहेरच्या.

तिने नोकरी सोडावी म्हणून त्यांनी तिची किती मनधरणी केली. एकदा हातसुद्धा जोडले, चार हात लांबून. ती म्हणाली की मी सोडली तर उरलेले चौघेही सोडतील, आणि मग वरच्या पेशंटांनी उघड्या गादीवर झोपायचं का. तो विषय तिथेच राहिला. तळघरात बारा तास उभं राहायचं, घरी येऊन दारातच स्वतःच्या नवऱ्याकडून तपासून घ्यायचं, मग स्वयंपाक. रविवारी ती माझ्याकडे येऊन नुसती बसून राहायची. चहा गार व्हायचा.

वर्षभराने साथीची दुसरी लाट आली, आणि मावशी आजारी पडली.

पहिले पाच दिवस नुसता ताप होता. ती आतल्या खोलीत, दाराला पडदा. काका पडद्याबाहेर स्टुलावर जेवणाचं ताट ठेवायचे, दोनदा टकटक करायचे आणि मागे सरकायचे. फोनवरून एकमेकांशी बोलायचे, मध्ये जेमतेम दहा पावलं. मी खालून सूप, फळं नेऊन उंबऱ्याशी ठेवायची. सहाव्या दिवशी दुपारी मला काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. ते म्हणाले, "ती उत्तर देत नाहीये. मला आत जाता येत नाहीये. तू ये."

मी तीन जिने चढून गेले तेव्हा ते पडद्यासमोर उभे होते. हातमोजे घातलेले, तोंडाला दोन मास्क, वर प्लॅस्टिकची ढाल. सगळी तयारी करून उभे होते आणि हलत नव्हते. कपाळावरून घाम गळत होता. मी त्यांच्या बाजूने आत गेले. मावशी शुद्धीवर होती, पण ओठ काळेनिळे पडले होते. मी तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि रुग्णालयात तिच्याच खात्यातल्या माणसाला फोन लावला. तिच्या चौघांपैकी दोघे स्ट्रेचर घेऊन आले. तिला खाली नेलं तेव्हा काका पडद्याजवळच उभे होते.

ती नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. परत आल्यावर तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की तिच्या पलंगावरच्या चादरीची इस्त्री भयंकर होती, कोपरे दुमडलेले, आणि बोलता येत नव्हतं म्हणून तिने खुणेने नर्सला ते दाखवायचा प्रयत्न केला. नर्सला वाटलं, ही घरी जायचं म्हणतेय. तिने मावशीचा हात धरून ठेवला. मावशी हे हसत सांगत होती आणि मध्येच दम लागून थांबली.

काकांनी तोवर घर धुऊन लख्ख केलं होतं. भिंतीसुद्धा पुसल्या होत्या. तिच्यासाठी मऊ भात करून ठेवला होता. तो त्यांनी वाढला, ताट टेबलावर ठेवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. त्या दुपारचा विषय त्यांनी काढला नाही. तिनेही काढला नाही.

मग साथ ओसरली. दुकानं उघडली, लोकांनी मास्क आधी हनुवटीवर घेतले, मग खिशात टाकले, मग विसरले. शिंप्याच्या दाराला कुलूप होतं आणि वर त्याची पाटी अजून तशीच होती. माझं ऑफिस सुरू झालं. मी एका विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. तक्रारीही हळूहळू पूर्वीच्या झाल्या. सगळे म्हणायचे, झालं गेलं, सुटलो एकदाचे. काका मात्र चौथ्या मजल्यावरून खाली उतरले नाहीत. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. केस ते स्वतःच कापायचे, मागून वेडेवाकडे. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, तीही कोणी खालून हाक मारली की आत ओढून घ्यायचे. ज्या माणसाला लोक मांजरीसाठी बोलवायचे त्याला आता कोणी कशासाठीच बोलवेना. मुलं मोठी झाली, नवीन मुलांना बंबकाका कोण हेच माहीत नव्हतं.

मावशी कामावर परत गेली होती, पण अंगात पहिलं त्राण राहिलं नव्हतं. घरी येताना भाजीची पिशवी घेऊन ती दोन मजले चढायची आणि तिथल्या कठड्याला टेकून उभी राहायची. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मी घरी असले की धावत जाऊन पिशवी घ्यायची. नसले की ती पिशवी तिथेच ठेवायची, आधी स्वतःला वर न्यायची आणि मग परत येऊन पिशवी न्यायची. तक्रार नाही. तिच्याकडे बघून एखाद्या जुन्या टॉवेलची आठवण यायची. फाटलेला नाही, पण पाणी टिपणं सोडून दिलेला.

त्याच सुमारास रुग्णालयाने आजारातून उठलेल्या कर्मचाऱ्यांची पाहणी काढली. साथीने लोकांच्या मनावर आणि रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला, याची. एक तरुण मुलगी छापील प्रश्नावली घेऊन तळघरात आली. दोन पानं, प्रत्येक प्रश्नाखाली पाच चौकोन: अजिबात नाही, थोडं, मध्यम, बऱ्यापैकी, खूप. आयुष्याचा आनंद तुम्ही किती प्रमाणात घेता, या प्रश्नाशी मावशी अडली. तिने बराच विचार केला आणि त्या मुलीला म्हणाली, बाळ, तुला जो मधला वाटेल त्यावर खूण कर, मला मशीन बंद करायचंय. मुलगी जायला निघाली तेव्हा मावशीने तिच्याकडून एक कोरी प्रत मागून घेतली.

पुढच्या रविवारी सकाळी मी वर गेले होते, तिच्या मोबाइलमधलं काहीतरी बिघडलं होतं म्हणून. मावशी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. काका नेहमीच्या खुर्चीत. तिने चष्मा लावला, ते कागद काढले आणि काही न सांगता वाचायला सुरुवात केली.

"गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला झोप कशी लागली?"

"लागते की."

"अहो, परीक्षा नाहीये ही. खरं सांगा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. "नाही लागत," ते म्हणाले. "डोळा लागला की धूर दिसतो."

तिने खूण केली. पुढचे पाच-सहा प्रश्न असेच गेले. भूक, अंगातली ताकद, घराबाहेर किती सुरक्षित वाटतं. याला ते अजिबात नाही म्हणाले, तेही पटकन, जणू कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून सुटका झाली. मग ती म्हणाली, "जवळच्या माणसांशी असलेल्या संबंधांबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?"

मी उठून जावं की काय असं मला वाटलं, पण उठले असते तर ते जास्त दिसलं असतं.

"त्या दुपारी मी दारात उभा होतो," काका म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तू शुद्धीवर नव्हतीस."

"होते. बोलता येत नव्हतं. पडद्याखाली तुमची पावलं दिसत होती. एकदा पुढे यायची, परत मागे जायची. किती वेळा ते मी मोजलंही, पण आता विसरले."

काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते हातांकडेच बघत होते. ते म्हणाले, "आगीत शिरतानाही भीती वाटायचीच. लोकांना वाटतं नसेल वाटत. पण तिथे कळायचं, आग इथवर आहे, इथून पुढे अजून नाही. हे कुठवर आहे तेच कळेना. तुझ्या अंगावर आहे, ताटात आहे, कदाचित माझ्याच छातीत आहे. मी पडदा धरला आणि हातातली ताकद गेली. पोरीला फोन लावायला तेवढी बोटं हलली." मग म्हणाले, "तीस वर्षं मी परक्या माणसांसाठी आत गेलो."

मावशीने हातातली घडी पूर्ण केली, वर दुसरी ठेवली. "मला राग आला होता," ती म्हणाली. "फार आला होता. तिथे पडल्या पडल्या तुम्हाला काय काय सुनवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. घरी आले तर बोलायचीसुद्धा ताकद नव्हती. मग ते राहूनच गेलं."

"आता बोल."

"आता सगळं आठवत नाही." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "आणि मला तुम्ही शूर नकोत हो. त्याचं मी काय करू? मला भाजीची पिशवी दुसऱ्या मजल्यावरून वर आणणारं माणूस पाहिजे. मला दम लागतो. रोज लागतो."

तिने उरलेले प्रश्न वाचले नाहीत, कागद घडी करून कपड्यांखाली ठेवले.

हे सांगताना मला वाटतं, की त्या दिवसापासून सगळं बदललं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सोमवारी संध्याकाळी मावशी दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि वर कोणी दार उघडलं नाही. मंगळवारीही नाही. शुक्रवारी मी तिच्याबरोबर होते. आम्ही कठड्याला टेकून उभ्या होतो, तेव्हा वरून पावलं ऐकू आली. चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यापर्यंत आली आणि शिंप्याच्या दारापाशी थांबली. मी खालून बघितलं. काका भिंतीला पाठ लावून, त्या पाटीकडे न बघता उभे होते, मास्क वर-खाली होत होता. मावशीने मला हाताने थांबवलं. मग काका परत वर गेले. दार लागल्याचा आवाज आला.

ती म्हणाली, चल, आज एक मजला तरी उतरले.

दुसरा मजला यायला आणखी तीन आठवडे लागले. पिशवी घेतली तेव्हा त्यांनी ती बंदांना धरून, अंगापासून लांब धरली होती. वर गेल्यावर हात धुतले असतील, नक्कीच धुतले असतील. पण पिशवी वर गेली.

ते अर्धवट भरलेले कागद मावशीने त्या मुलीला परत नेऊन दिले, नवऱ्याचे म्हणून. हे पाहणीच्या नियमात बसत नव्हतं, पण मुलीने ते वाचले आणि मनोविकार विभागातल्या एका डॉक्टरबाईंना दाखवले. बाईंचा फोन आला. काकांनी पहिले दोन उचलले नाहीत. तिसऱ्यांदा उचलला तो मावशीने समोर धरला म्हणून. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि कवायतीसारखा कार्यक्रम लावून दिला: आठवड्याला एक टप्पा, एका जागी मनातल्या मनात शंभर म्हणेपर्यंत थांबायचं, पळून यायचं नाही. कवायत म्हटल्यावर काकांना ते जमण्यासारखं वाटलं. तरी मध्ये गावात कसल्याशा तापाची बातमी आली आणि त्यांनी अकरा दिवस दार उघडलं नाही. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून. फाटकापर्यंत पोहोचायला त्यांना पाच महिने लागले. तिथे आता नवीन वॉचमन होता. त्याने त्यांना विचारलं, कोणाकडे आलात?

मावशीला कोणी काही विचारलं नाही. तिच्या कागदांवरच्या सगळ्या खुणा मधल्या होत्या, त्यामुळे तिला फोन आला नाही. छाती तपासली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फुप्फुसावर थोडे वण आहेत, दमानं घ्या. तिला तळघरातून काढून वरच्या कोठीघरात बसतं काम दिलं. वर्षभर तिने ते केलं आणि मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्ती घेतली. आता ती दुपारी जेवली की झोपते ती पाच-पाच वाजेपर्यंत, आणि उठते ती दमूनच उठते. मी डॉक्टरबाईंकडे काकांच्या गोळ्या आणायला निघाले की मला सांगते, त्यांना भीतीचं औषध मिळालं, थकव्याचं कुठे मिळतं तेवढं विचारून ये. मी खरंच एकदा विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिलाही घेऊन या. ती काही आली नाही. म्हणाली, जिने चढायचे-उतरायचे त्यापेक्षा झोपते.

गेल्या महिन्यात तिचे डोळे तपासायला जायचं होतं. मला सुट्टी मिळेना. काका म्हणाले की ते जातील. मी ऑफिसात बसून दिवसभर फोनकडे बघत होते. नंतर कळलं ते असं. दवाखान्याची खोली लहान, खिडकी एकच, चौदा-पंधरा माणसं दाटीवाटीने बसलेली, त्यातली दोन खोकणारी. काका आधी दारातच उभे राहिले. मग मावशीच्या शेजारची जागा रिकामी झाली तेव्हा येऊन बसले. नंबर लागायला पाऊण तास गेला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मावशीने विचारलं, जाऊ या का परत, डोळे काय पळून जात नाहीत. ते नाही म्हणाले. तिचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं. परत येताना तिला उन्हात नीट दिसेना, म्हणून तिने त्यांचा दंड धरला. पाच वर्षांत पहिल्यांदा, असं तीच मला म्हणाली, आणि म्हणाली, दंड पार वाळून गेलाय गं त्यांचा.

संध्याकाळी मी वर गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. दोघंही बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर झोपली होती, बाहेरच्याच कपड्यांत, हात न धुता. काकांचा मास्क एका कानाला लोंबत होता. मावशीचं तोंड उघडं होतं आणि ती मोठमोठ्याने घोरत होती. मी खिडकीचा पडदा ओढला, चहाचा थर्मास टेबलावर ठेवला आणि उठवलं नाही.